लादीला घाम येऊ द्यायचा

उदगीरला, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत
बिरादार मॅडम फळ्यावर लिहायच्या
आणि आम्ही अकराजण वहीत उतरवून घ्यायचो:
ब्रेक द आइस.
म्हणजे अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं काढणं.
पार्टीत, ऑफिसात, लिफ्टमध्ये.

लिफ्ट तेव्हा मी एकच पाहिली होती,
सरकारी दवाखान्यातली, स्ट्रेचरपुरती.
तिच्यात माणसं एकच विचारायची:
तुमचं कोण?

अर्शिया म्हणाली, मॅडम, पण बर्फ कशाला?
एसटीत शेजारी बसलेली बाई
नळेगाव यायच्या आत आडनाव काढून घेती,
पगार काढून घेती,
बहिणीला कुठं दिलंय तेही.
आपल्याकडं बर्फ जमतोच कधी?

मॅडम हसल्या. इंग्रजीत जमतो, म्हणाल्या.
पुढचं लिहा.

मी गप्प होते.
माझे अप्पा एकवीस वर्षं
बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला होते
आणि क्लासच्या फॉर्मवर मी
'खाजगी नोकरी' लिहिलं होतं.

रात्री ते जेवत होते.
डाव्या अंगठ्याला नख नाही त्यांच्या,
भाकरी मोडताना तो अंगठा बाजूला राहतो.
म्हणलं, अप्पा, इंग्रजीत माणसं
बोलायच्या आधी बर्फ फोडतात.
त्यांनी घास हातात तसाच धरला.
"आन मग पाणी कुटं जातंय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं.
मॅडमनी फळा पुसला
आणि पीस ऑफ केक घेतलं.

आठ-दहा दिवस गेले असतील.
दारात पाय धूत अप्पाच बोलले,
मधलं काही झालंच नाही असं:
"तुज्या बाईला सांग,
डब्यातनं काडली की लगीच मारायचं नसतंय.
कोरडी आसती लादी, पांढरी.
टोच्या लावला की भलतीकडंच तडकती,
निस्ता चुरा.
गोणपाटावर ठिवायची. बसायचं. तंबाखू मळायची.
तिला घाम येऊ द्यायचा.
आतनं निवळ दिसाय लागली की
टोच्यानं रेघ वडायची, टक टक टक,
मग एकच.
आवाजबी होत न्हाई."

मी हे वहीत लिहिलं नाही.
परीक्षेला येणार नव्हतं.

आता हैदराबादेत, अकराव्या मजल्यावर,
लिफ्टमध्ये रोज सगळे
आपापल्या मोबाइलकडं बघत वर जातात.
पहिल्या आठवड्यात एका साहेबाला मी
हात पुढं करून म्हणाले, लॉन्ग टाइम नो सी.
त्याला मी जन्मात प्रथमच बघत होते.
महिनाभर तो मला बघितलं की
तेच म्हणायचा, आणि मजला हसायचा.
एका अर्थी फुटलाच बर्फ.
चुरा माझ्या अंगावर.

काल कॉफीच्या मशीनपाशी एक नवी मुलगी होती,
आयझॉलची, कार्डावर नाव उलटं लटकलेलं.
तीनदा तेच बटण दाबलं तिनं.
माझ्या जिभेवर सगळा फळा आला,
बिरादार मॅडमच्या अक्षरात,
विकेंड कसा गेला, हवा काय म्हणतेय,
सगळं पाठ, सगळं कोरडं, पांढरं.
मी काहीच म्हणाले नाही.
कप घेऊन शेजारी उभी राहिले.
मशीन घुरघुरत होतं.
तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं,
मग परत माझ्याकडं.

चौथ्यांदा दाबल्यावर
कॉफी आलीच नाही, नुसतं गरम पाणी आलं.
"पाणी," मी म्हणाले, चक्क मराठीत.
"पानी," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की साहेब केबिनमधून डोकावले.

रात्री अप्पांना सांगायला फोन लावला,
की पाणी कुठं जातं ते कळलं.
ते झोपले होते.
आईनं उचलला.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
जेवलीस का?